आधी नोमोडसेट काढा: एएमडीजीपीयूच्या तक्रारी कुठून वाचायला लागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सवर चालणारा डेस्कटॉप, डेबियन लिनक्स ११ वरून १२ वर आणलेला. त्यात एएमडीचं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, रेडिऑन आरएक्स ५८०, ८ जीबी, बसवलं. पहिल्याच बूटला स्क्रीन दोन-चार ओळी दाखवून गोठला. कुणीतरी सुचवलं म्हणून ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या मेनूत, ‘नोमोडसेट’ हा पर्याय टाकला. डेस्कटॉप आला, पण १०२४×७६८ च्या वर जाईना, व्हिडिओही अडखळतो आणि ‘जीएलएक्सइन्फो’ ही तपासणीची आज्ञा रेंडररच्या जागी, म्हणजे चित्र कोण काढतंय तिथे, ‘एलएलव्हीएमपाइप’ दाखवते. हेच कार्ड पेनड्राइव्हवरच्या उबंटूत नीट ओळखलं जातं, पण तिथे गेम खेळताना मधूनच सगळं थिजतं आणि लॉगमध्ये ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ येतं. मग एएमडीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर टाकावा का?

नका टाकू. आरएक्स ५८० साठी त्यातून काही पदरात पडत नाही. त्या संचातला कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग म्हणजे लिनक्समध्ये आधीच असलेला एएमडीजीपीयू ड्रायव्हर, फक्त डीकेएमएसच्या मार्गाने, म्हणजे दर कर्नलसाठी नव्याने, बाहेरून बांधलेला. पुढच्या कर्नल अपडेटला तो बांधला गेला नाही की आजच्या दोन दुखण्यांत तिसऱ्याची भर. पूर्वी कधी टाकून पाहिला असेल तर आधी त्याच्याच विस्थापकाने पूर्ण काढा. ईटीसीमधल्या (सेटिंगच्या फाइलींच्या फोल्डरातल्या) एक्स११ फोल्डरात जुनी ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ फाइल उरली असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. आजच्या डेस्कटॉपला ती फाइल लागत नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिली, बूटला गोठण्याची, निव्वळ फर्मवेअरची आहे, ती पंधरा मिनिटांत सुटेल. दुसरी, खेळताना थिजण्याची, कदाचित कार्डाची किंवा एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) आहे, तिला वेळ द्यावा लागेल.

ज्याला आपण ‘ड्रायव्हर’ म्हणतो ती लिनक्सवर एक वस्तू नसते. तळाला कर्नलमधलं मॉड्यूल, म्हणजे एएमडीजीपीयू. ते जागं होताना डिस्कवरून फर्मवेअरच्या छोट्या .बिन फाइली उचलून कार्डात भरतं. त्या फाइली कर्नलच्या पॅकेजात नसतात, वेगळ्या येतात. वर मेसा, म्हणजे प्रोग्रामांच्या चित्र काढायच्या आज्ञा कार्डापर्यंत पोचवणाऱ्या लायब्ररी: ओपनजीएल आणि व्हल्कन या अशा आज्ञांच्या दोन पद्धती, ओपनजीएलसाठी रेडिऑनएसआय, व्हल्कनसाठी आरएडीव्ही. त्याच्याही वर खिडक्या मांडणारं एक्स किंवा वेलँड. खालचा थर पडला की वरचे निमूटपणे दुसरी सोय बघतात आणि भलताच संदेश छापतात. एलएलव्हीएमपाइप हा तसाच प्रकार: कार्ड हाती लागलं नाही म्हणून मेसा सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतं. म्हणून एलएलव्हीएमपाइप हा शब्द घेऊन उपाय शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. लॉगमधली शेवटची ओळ सोडा, पहिली बिनसलेली ओळ पकडा.

नोमोडसेटने नेमका तोच पुरावा झाकला आहे. हा पर्याय कर्नलला सांगतो की ग्राफिक्सच्या मॉड्यूलने स्क्रीनचा ताबा घेऊ नये. मग एएमडीजीपीयू सुरूच होत नाही, मदरबोर्डने बूटच्या वेळी ठरवलेलं रिझोल्यूशन तसंच राहतं आणि मेसाला एलएलव्हीएमपाइपशिवाय पर्याय उरत नाही. म्हणजे आज जे दिसतंय ते त्या उपायाचे परिणाम आहेत, मूळ आजार त्याच्या आड आहे. नोमोडसेट हे इन्स्टॉलेशन पार पाडण्यापुरतं आहे. तरी ते कायमचं ग्रबमध्ये ठेवून वर्षभर संथ मशीन वापरणारे पुष्कळ आहेत.

तर ईटीसीमधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातली ‘ग्रब’ फाइल उघडा, लिनक्सच्या पर्यायांच्या ओळीतून नोमोडसेट काढा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. स्क्रीन पूर्वीसारखाच गोठेल, घाबरू नका. मशीन जिवंत असतं, फक्त चित्र थांबलेलं असतं. डेबियन १२ च्या ६.१ कर्नलमध्ये एएमडीजीपीयू आधी मदरबोर्डचा तात्पुरता फ्रेमबफर (पडद्यावरच्या चित्राची मेमरी) हटवतो आणि मग फर्मवेअर शोधतो. ते सापडलं नाही की जुनं चित्र गेलेलं, नवं आलेलंच नाही. अशा वेळी पॉवरचं बटण चार सेकंद दाबून ठेवू नका. एकदाच हलकं दाबा आणि मिनिटभर थांबा. मशीन रीतसर बंद होतं आणि लॉग डिस्कवर उतरतो. पुढच्या बूटला ग्रबच्या यादीवर ‘ई’ दाबून तेवढ्यापुरतं नोमोडसेट लिहा आणि आत आल्यावर रूट म्हणून ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ चालवा. उणे एक म्हणजे मागचा बूट, ‘-के’ म्हणजे फक्त कर्नलच्या ओळी.

तिथे ‘एएमडीजीपीयू’ शोधा. पोलारिस१० (या कार्डाच्या चिपचं नाव) ने सुरू होणाऱ्या एखाद्या .बिन फाइलचं ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ फसलं, एरर -२, अशी ओळ दिसेल. तिच्याखाली जीएमसी नावाच्या (कार्डाची मेमरी सांभाळणाऱ्या) ब्लॉकचं सुरू होणं फसल्याची ओळ आणि शेवटी ‘फेटल एरर ड्युरिंग जीपीयू इनिट’. लोक ही शेवटची ओळ घेऊन फिरतात आणि कार्ड मेलं असं समजून विकून टाकतात. खरी ओळ पहिली. कर्नलचे हे उणे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: -२ म्हणजे फाइल नाही, -१२ मेमरी मिळाली नाही, -१९ उपकरण नाही, -२२ दिलेला पर्याय चुकीचा, -११० वाट पाहून वेळ संपली. -२ दिसला तर हार्डवेअरवर संशय घ्यायचं कारण नाही. -११० दिसला तर मात्र स्क्रू-ड्रायव्हर काढायची वेळ आली असू शकते.

फाइल का नाही, याचं उत्तर डेबियनच्या भांडारांच्या रचनेत आहे. एएमडीच्या फर्मवेअरचं पॅकेज ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’. डेबियन ११ पर्यंत ते ‘नॉन-फ्री’ विभागात होतं. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हा फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा स्वतंत्र विभाग झाला. नव्याने डेबियन १२ टाकणाऱ्याला काही करावं लागत नाही, इन्स्टॉलर स्वतःच हार्डवेअर बघून ते घेतो. पण ११ वरून वर आलेल्या मशीनची भांडारांची यादी जुनीच राहते. तुमच्याकडे आधी एएमडीचं कार्डच नव्हतं, त्यामुळे पॅकेज कधी आलं नाही. आता मागितलं तर पॅकेजं आणणारं एपीटी म्हणतं असं काही उपलब्ध नाही. ‘एपीटी अपडेट’च्या शेवटी ‘एन:’ ने सुरू होणारी एक सूचना या बदलाबद्दलच असते. ती कुणी वाचत नाही.

उपाय सरळ आहे. ईटीसी, एपीटी, ‘सोर्सेस.लिस्ट’ उघडा. बुकवर्मच्या (डेबियन १२ च्या) प्रत्येक ओळीत, सुरक्षा आणि अपडेटच्या ओळी धरून, ‘मेन’च्या पुढे ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ जोडा. मग ‘एपीटी अपडेट’ आणि ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ची स्थापना. याच वेळी ‘मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स’, ‘मेसा-युटिल्स’ आणि ‘व्हल्कन-टूल्स’ही घेऊन टाका, पुढे तपासणीला लागतील.

पॅकेज बसताना इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, आपोआप पुन्हा बनतं, पण फक्त सगळ्यात नव्या कर्नलसाठी. ग्रबमधून जुना कर्नल निवडायची सवय असेल तर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ हाताने चालवा. नाहीतर एका कर्नलवर कार्ड चालतं, दुसऱ्यावर नाही, असा कोड्यात टाकणारा प्रकार होतो. इनिटरॅमएफएस बनताना ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ अशा इशाऱ्यांची रांग लागली आणि त्यात पोलारिस नसेल तर सोडून द्या. ती तुमच्याकडे नसलेल्या कार्डांची नावं आहेत.

आता नोमोडसेटशिवाय बूट करा आणि दोन गोष्टी पाहा. ‘एलएसपीसीआय -एनएनके’ मध्ये कार्डाखाली वापरातला कर्नल ड्रायव्हर म्हणून ‘एएमडीजीपीयू’ आलं पाहिजे. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ मध्ये रेंडररच्या ओळीत कार्डाचं नाव आणि कंसात पोलारिस१०, एलएलव्हीएम १५ असं काहीसं आलं पाहिजे. तिथे ‘मेसा इंटेल’ दिसलं तर मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्या पोर्टात आहे. ती कार्डात लावा आणि बायोसमध्ये प्राथमिक डिस्प्ले ‘पीईजी’ किंवा ‘पीसीआयई’ करा.

ड्रायव्हर नीट लागला तरी रिझोल्यूशन १०२४×७६८ वरच राहिलं तर दोष ड्रायव्हरचा नाही, मॉनिटरची ओळख पटत नाही. घराघरांत अजून व्हीजीए मॉनिटर आहेत. आरएक्स ५८० ला ॲनालॉग आउटपुटच नाही, त्यामुळे डीव्हीआय ते व्हीजीएचा साधा जोड चालणार नाही, एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टवरून सक्रिय कन्व्हर्टर लागतो. स्वस्तातले कन्व्हर्टर मॉनिटरची ईडीआयडी माहिती (त्याला कोणती रिझोल्यूशन चालतात ती) पुढे पाठवतच नाहीत. तपासायला ‘सिस’खालच्या ‘क्लास’, ‘डीआरएम’ फोल्डरात जोडलेल्या पोर्टाचं फोल्डर उघडून ‘ईडीआयडी’ फाइल ‘डब्ल्यूसी -सी’ ने मोजा. १२८ किंवा २५६ बाइट आले तर माहिती पोचते आहे. शून्य आलं तर केबल-कन्व्हर्टर बदला. ‘एलएस’वर भरवसा ठेवू नका, ते या फाइलचा आकार नेहमीच शून्य दाखवतं.

कार्ड नेमकं कोणतं आहे तेही त्याच ‘एलएसपीसीआय’मध्ये कळतं. चौकटी कंसात १००२:६७डीएफ असेल तर पोलारिसचा नेहमीचा चिप. १००२:६एफडीएफ असेल तर ते ‘आरएक्स ५८० २०४८एसपी’, म्हणजे २३०४ ऐवजी २०४८ शेडरचं (चित्राचं गणित करणाऱ्या एककांचं). ड्रायव्हर दोन्हींना सारखाच वागवतो, पण किंमत सारखी दिली असेल तर विक्रेत्याशी बोलायला हरकत नाही.

आता थिजण्याकडे. ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ याचा अर्थ असा: कर्नल कार्डाला कामं क्रमांक देऊन सोपवतो, काम झालं की कार्ड तो क्रमांक मेमरीत लिहून ठेवतं. ओळीत दोन आकडे असतात, ‘सिग्नल्ड’ म्हणजे कार्डाने पूर्ण केलेलं शेवटचं काम, ‘एमिटेड’ म्हणजे कर्नलने दिलेलं शेवटचं. डेबियन १२ च्या कर्नलमध्ये साधारण १० सेकंद पुढचा क्रमांक आला नाही की कर्नल कार्ड अडकल्याचं जाहीर करतो आणि रीसेट करायला जातो. खालच्या ओळीत कोणत्या प्रोग्रामचं काम होतं ते लिहिलेलं असतं. रीसेट यशस्वी झाला असं लॉग म्हणाला तरी स्क्रीन काळा राहू शकतो, कारण कार्डाच्या मेमरीतलं सगळं गेलेलं असतं आणि बहुतेक डेस्कटॉपना त्यातून सावरता येत नाही.

म्हणजे हा एरर कारण सांगत नाही, फक्त अडकल्याचं सांगतो. कारणं शोधायची ती थिजण्याच्या तऱ्हेवरून. एकाच गेममध्ये, एकाच जागी, दर वेळी? मग मेसा किंवा गेम. टाइमआउटच्या आधी ‘जीपीयू फॉल्ट डिटेक्टेड: १४७’ आणि ‘व्हीएम फॉल्ट’च्या ओळी असतील तर हा संशय आणखी पक्का होतो, कारण कुणीतरी कार्डाला चुकीचा पत्ता दिलेला असतो. कधीही, कुठेही, नुसतं ब्राउझर उघडल्यावरही? मग क्लॉक बदलणं, मेमरी किंवा वीज. जड गेम सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी? मग उष्णता नाहीतर एसएमपीएस.

सेकंडहँड आरएक्स ५८० म्हटलं की मला पहिला संशय कार्डाच्या बायोसवर येतो. ४७० पासून ५८० पर्यंतची ही कार्डं इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामात ढिगाने वापरली गेली, आणि खाणकामासाठी त्यांच्या बायोसमधले मेमरीचे टायमिंग बदलले गेले. खाणकामात अधूनमधून एखादं गणित चुकलं तरी चालतं. डेस्कटॉपवर चुकलेला एक बिट कमांडच्या रांगेत आला की रिंग टाइमआउट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, असं कार्ड बाहेरून स्वच्छ पुसलेलंच मिळतं, त्यामुळे डोळ्यांनी काही कळत नाही. कळतं ते असं: ‘सिस, क्लास, डीआरएम’खाली कार्डाच्या फोल्डरातल्या ‘डिव्हाइस’मध्ये ‘पीपी_डीपीएम_एमसीएलके’ आणि ‘पीपी_डीपीएम_एससीएलके’ या दोन फाइली वाचा. इंटेलचं ग्राफिक्सही चालू असल्यामुळे कार्ड ० की कार्ड १ ते आधी बघून घ्या. मूळ ५८० मध्ये मेमरीच्या पायऱ्या ३००, १००० आणि २००० मेगाहर्ट्झ असतात आणि एएमडीच्या तपशिलानुसार गाभ्याचा क्लॉक १२५७, बूस्टला १३४०. मेमरी २००० च्या वर आणि गाभा ११५० च्या आसपास अडवलेला दिसला तर ते खाणकामाचं बायोस आहे असं समजा. काही कार्डांच्या कडेला दोन बायोसांमधला छोटा स्विच असतो. मशीन बंद करून, वायर काढून तो पलीकडे सरकवा, पुष्कळदा दुसऱ्या बाजूला मूळ बायोस शाबूत असतं. स्विच नसेल तर मूळ बायोस पुन्हा भरता येतं, पण ते नेमक्या त्याच मॉडेलचं आणि त्याच कंपनीच्या मेमरी चिपचं हवं. सॅमसंगचं बायोस हायनिक्सच्या मेमरीवर भरलं तर आहे तेही कार्ड जाईल. परत करायची मुदत बाकी असेल तर परत करणंच शहाणपणाचं.

क्लॉक बदलताना अडकतं का, हे पाहायची चाचणी फुकट आहे. त्याच ‘डिव्हाइस’ फोल्डरात ‘पॉवर_डीपीएम_फोर्स_परफॉर्मन्स_लेव्हल’ नावाची फाइल असते, तिच्यात एरवी ‘ऑटो’ असतं. रूट म्हणून तिच्यात ‘हाय’ लिहा. ‘सुडो एको’ आणि बाण (‘>’) चालणार नाही, कारण बाणाला रूटचा हक्क मिळत नाही. ‘टी’ आज्ञेतून लिहा. मग नेहमीसारखं मशीन वापरा. थिजणं थांबलं तर पायरी बदलताना घोळ होत होता. ‘हाय’वर लगेच थिजलं आणि ‘लो’वर दिवसभर चाललं तर कार्डाला पूर्ण वेग पेलत नाही: वीज, उष्णता किंवा मेमरी. रीबूट केलं की सेटिंग पुन्हा ‘ऑटो’वर येतं, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही.

उष्णतेसाठी ‘एलएम-सेन्सर्स’ टाकून ‘सेन्सर्स’ चालवा. एएमडीजीपीयूच्या खाली ‘एज’ तापमान आणि वॅट दोन्ही दिसतात. या कार्डाची धोक्याची मर्यादा ९४ अंश. खेळताना ८५ च्या पुढे जात असेल तर पंखा, धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट बघा. विजेचं गणित असं: कार्डाची गरज साधारण १८५ वॅट, त्यातले जास्तीत जास्त ७५ वॅट स्लॉटमधून, बाकी आठ पिनच्या कनेक्टरमधून. एएमडी ५०० वॅटचा सप्लाय सुचवतं. कॅबिनेटसोबत फुकटात आलेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असतं, पण १२ व्होल्टच्या रांगेत तेवढा दम नसतो. त्याला आठ पिन नाही म्हणून मोलेक्सचा (जुन्या चार पिनच्या वायरचा) जोड लावला असेल तर बाकी तपास थांबवा आणि आधी चांगला एसएमपीएस उसना आणून लावून बघा. एसएमपीएस कमी पडला तर लॉगमध्ये एकही एरर न येता मशीन थेट रीस्टार्टही होऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. आणि बायोसच्या लोगोपासूनच रंगीत ठिपके किंवा चौकटी दिसत असतील तर मेमरी चिप गेली. तिथे लिनक्सचा काही संबंध नाही.

सॉफ्टवेअरचा संशय उरला तर जुन्या डिस्कला हात न लावता तपासा. डेबियन १२ मध्ये मेसा २२.३ आहे, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये मेसा २५.० आणि कर्नल ६.१२. डेबियन १३ ची लाइव्ह पेनड्राइव्ह बनवून, फर्मवेअर आहे याची खात्री करून, त्यावर खेळून पाहा. दुसरा मार्ग फ्लॅटपॅकमधलं स्टीम, ते स्वतःचं मेसा सोबत आणतं. तिथे थिजत नसेल तर मेसा बदलल्याने काम झालं, कर्नल तोच होता. दोन्हीकडे थिजत असेल तर खालचा थर. होम फोल्डरातल्या ‘.कॅशे’मधलं मेसाच्या शेडर कॅशेचं फोल्डर उडवून पाहायला हरकत नाही, ते पुन्हा बनतं. मात्र डेबियनला उबंटूचे पीपीए (बाहेरची भांडारं) जोडू नका. लायब्ररींची आवृत्ती कुठली कुठे जाते आणि मग एलएलव्हीएमपाइप खरंच मुक्कामाला येतं.

लायब्ररींवरून आठवलं. डेस्कटॉप नीट आणि फक्त एखादा प्रोग्राम ‘मेसा-लोडर: रेडिऑनएसआय उघडता आलं नाही’ म्हणत असेल, तर मेसा पुन्हा टाकत बसू नका. ‘लिबजीएल_डीबग’ला ‘व्हर्बोस’ करून तो प्रोग्राम टर्मिनलवरून चालवा. बहुतेक वेळा खाली ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३०’ सापडलं नाही असं येतं. कारण कोंडाच्या (पायथॉनची पॅकेजं आणणाऱ्या साधनाच्या) वातावरणातली जुनी लिबएसटीडीसी++ ही सी++ ची लायब्ररी आधी उचलली जाते आणि मेसाला लागणाऱ्या एलएलव्हीएमला नवी हवी असते. कोंडा बंद करून चालवा, नाहीतर कोंडातलीच ती लायब्ररी कोंडा-फोर्जवरून नवी करा. ३२ बिटच्या जुन्या गेममध्ये असं झालं तर डेबियनला ‘आय३८६’ जोडून ‘लिबजीएल१-मेसा-डीआरआय’ आणि ‘मेसा-व्हल्कन-ड्रायव्हर्स’ त्या आवृत्तीत टाकावी लागतात.

पूर्ण थिजलेल्या मशीनवर रीसेटचं बटण दाबायच्या आधी दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून एसएसएच करून (नेटवर्कवरून आत शिरून) बघा, लॉग हाताशी येतो. ते नाही जमलं तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (प्रिंट स्क्रीनची कळ) धरून एस, यू, बी क्रमाने, मध्ये दोन-दोन सेकंद ठेवून दाबा: डिस्कवर लिहून घे, फक्त-वाचन कर, रीबूट कर. डेबियन आणि उबंटू दोन्हींत या तीन कळा मुळातच चालू असतात.

हे सगळं करून दोष मेसाचा किंवा कर्नलचाच निघाला तर फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर नोंदवा. कर्नलसाठी ‘डीआरएम/एएमडी’, मेसासाठी ‘मेसा/मेसा’. सोबत बूटपासूनचा पूर्ण कर्नल लॉग द्या, निवडक ओळी नकोत. त्यात कार्डाच्या बायोसचा क्रमांक ‘एटम बायोस’च्या ओळीत आपोआप येतो, आणि खाणकामाचं बायोस असेल तर पहिला प्रश्न त्याबद्दलच येईल. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चं उत्तर, कर्नल आणि मेसाच्या आवृत्त्या, कोणती आवृत्ती चालत होती आणि कोणती चालत नाही, हे जोडा. ओपनजीएलच्या गेममधला दोष असेल तर गेमने दिलेल्या आज्ञा ‘एपीआयट्रेस’ने नोंदवून ती फाइल जोडा, म्हणजे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तो गेम विकत न घेता स्वतःच्या टेबलावर कार्ड थिजवता येतं.